स्टिरिओ स्लाइड बघताना डोळे ओढतात? आधी चूक कुठल्या दिशेची ते ओळखा

स्टिरिओ स्लाइडमध्ये एकाच दृश्याची दोन चित्रं असतात, प्रत्येक डोळ्याला एक, आणि त्यामुळे दृश्याला खोली येते. ती व्ह्यूअरमध्ये घातली की चित्र आधी दुहेरी दिसतं, मग डोळे जोर लावून ते एक करतात. खोली दिसते, रंग सुंदर असतात, पण पाच-सहा स्लाइड पाहिल्या की भुवयांच्या मध्ये दुखायला लागतं. फिल्मवर स्टिरिओ करणाऱ्यांची ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कोणी कॅमेऱ्याला दोष देतं, कोणी व्ह्यूअर बदलतं, कोणी महागडी माउंट, म्हणजे फिल्म बसवायच्या चौकटी, मागवतं आणि त्यातही चिप, म्हणजे चित्राचा कापलेला फिल्मचा तुकडा, तशीच तिरकी बसवतं. बहुतेक वेळा दोष माउंटिंगचा असतो, तोही मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांचा. तो काढायला पैसे फारसे लागत नाहीत. पण चिप हलवण्याआधी ती कुठल्या दिशेने चुकली आहे हे कळायला हवं, आणि सगळे इथेच घाई करतात.

मी इथे एकाच फॉरमॅटबद्दल लिहितो आहे, स्टिरिओ रिअलिस्टच्या. सीटन रॉकवाइट यांनी आखलेला आणि मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेला हा कॅमेरा साध्या ३५ मिमी फिल्मवर एका वेळी दोन चित्रं घेतो. प्रत्येक चित्र फिल्मच्या कडेची पाच छिद्रं रुंद, म्हणजे साधारण २३ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच. १९५४ च्या कोडॅक स्टिरिओचंही तेच माप. तयार माउंट बाहेरून ४१ × १०१ मिमी असतं. तुमच्याकडे सात छिद्रांचा फेड किंवा बेलप्लास्का कॅमेरा असेल तर आकडे बदलतील, तपासाची रीत तीच राहील.

डोळे काय सहन करतात, काय नाही

जवळचं वाचताना दोन्ही डोळे आत वळतात, लांब बघताना सरळ होतात. ही आडवी हालचाल त्यांच्या रोजच्या सवयीची. पण एक डोळा किंचित वर आणि दुसरा किंचित खाली, याची गरज जगताना जवळजवळ पडतच नाही, म्हणून त्या दिशेने डोळ्यांची कुवत फार थोडी असते. माउंट करताना आडव्या दिशेत पाव मिलिमीटर चुकला तर दृश्य जरा पुढे किंवा मागे सरकतं, एवढंच. तीच चूक उभ्या दिशेत झाली की कपाळ दुखतं.

आकड्यांत बघू. व्ह्यूअरच्या भिंगाचं नाभीय अंतर ४४ मिमी धरलं तर दोन चिपांमधला ०.१ मिमीचा उभा फरक म्हणजे डोळ्यांमध्ये ०.१३ अंशाचा फरक. हा चालून जातो. ०.३ मिमी झाला की तो ०.४ अंशाच्या आसपास जातो आणि डोळे तक्रार करू लागतात. प्रोजेक्टरवर प्रकरण आणखी उघडं पडतं. २२ मिमीचं चित्र १.२ मीटर रुंद पडद्यावर सुमारे ५५ पट मोठं होतं, म्हणजे ०.३ मिमीचे सोळा मिमी होतात. प्रोजेक्टरला वर-खाली करायचा खटका असतो खरा, पण प्रत्येक स्लाइडला वेगळा फिरवावा लागला तर पोलरॉइड चष्मे लावून बसलेल्या सगळ्यांचेच हाल.

म्हणून माझी मर्यादा अशी: उभा फरक ०.१ मिमीच्या आत, चिपचं फिरणं अर्ध्या अंशाच्या आत, आडव्या दिशेत थोडी सूट. अर्धा अंशच का, तर २२ मिमी रुंदीच्या चिपचा मध्य जुळलेला असताना ती अर्धा अंश फिरली की कडेला, म्हणजे ११ मिमीवर, बरोबर ०.१ मिमीचा फरक पडतो.

लॅबमध्येच होणारं नुकसान

माउंटिंगच्या आधी एक गोष्ट, कारण ती हुकली तर पुढचं काहीच उरत नाही. भारतात स्लाइड फिल्म (ई-६) धुणाऱ्या लॅब मोजक्याच उरल्या आहेत, आणि स्टिरिओ रोल ओळखणारा माणूस तिथे असेलच असं नाही. नेहमीच्या सवयीने सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापल्या गेल्या तर कात्री थेट चित्रातून जाते, कारण साधी फ्रेम आठ छिद्रांची आणि आपली पाच छिद्रांची. पाकिटावर आणि रोलच्या डबीवर, दोन्हीकडे लिहा: कापू नका, माउंट करू नका, अखंड रोल परत द्या.

अखंड रोल हातात आला की जोड्या शोधायच्या. रिअलिस्टमध्ये डावं आणि उजवं चित्र शेजारी नसतात. दोघांच्या मध्यांमध्ये पंधरा छिद्रांचं, म्हणजे ७१.२५ मिमी अंतर असतं आणि त्या जागेत शेजारच्या जोड्यांची दोन चित्रं येतात. फिल्म दर वेळी दोन चित्रांएवढी पुढे सरकते. त्यामुळे पहिली जोडी १ आणि ४, दुसरी ३ आणि ६, तिसरी ५ आणि ८, अशी साखळी जाते, आणि सुरुवातीची दुसरी जागा कोरी राहते. ही कोरी जागा सापडली की पुढची मोजणी चुकत नाही. ३६ च्या रोलमध्ये २८-२९ जोड्या मिळतात.

कापण्याआधी प्रत्येक चित्राच्या छिद्रांच्या पट्टीत बारीक कायम शाईच्या पेनाने जोडीचा क्रमांक आणि डा किंवा उ लिहून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण ते झालं की टेबलावर चिपा विखुरल्या तरी काळजी नाही.

खोलीच उलटी दिसते

कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं. फिल्म सरळ वाचता येईल अशी १८० अंशांत फिरवली की डाव्या भिंगाचं चित्र उजव्या हाताला येतं आणि उजव्याचं डाव्या. पट्टी जशी दिसते तशीच माउंटमध्ये भरली तर मागचं पुढे आणि पुढचं मागे होतं. म्हणून दोन्ही चिपांची अदलाबदल करावीच लागते.

चुकलं कुठे हे स्लाइडवरची अक्षरं सांगतात. एखाद्या दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर शोधा. अक्षरं सरळ पण खोली उलटी असेल तर डावी-उजवी चिप बदलली आहे. अक्षरंही उलटी आणि खोलीही उलटी असेल तर दोन्ही चिपा जागच्या जागी पालथ्या पडल्या आहेत. अक्षरं उलटी पण खोली बरोबर असेल तर चिपा ठीक आहेत, माउंट पाठीमागून बघितलं जातंय. नियम एकच: डोळ्याच्या बाजूला फिल्मची चकचकीत बाजू, पलीकडे मंद दिसणारी इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, बाजू.

खूण करायची राहून गेलेल्या सुट्या चिपा असतील तर त्या शेजारी ठेवून जवळची आणि लांबची अशा दोन वस्तू बघा. समजा समोर दीपमाळ आहे आणि मागे देवळाचं शिखर. ज्या चिपमध्ये दीपमाळ शिखराच्या तुलनेत उजवीकडे सरकलेली, ती डाव्या डोळ्याची.

एक गोंधळ हमखास होतो. बरीच माउंट पाठीमागून भरायची असतात. इमल्शन वर ठेवून पाठीमागून भरत असाल तर डाव्या डोळ्याची चिप तुमच्या उजव्या हाताला जाते. माउंटच्या पाठीवर पेन्सिलीने डा आणि उ आधीच लिहून ठेवा.

उभा फरक: मोजा, मग हलवा

आता मुख्य दुखणं. स्लाइड उजेडावर ठेवा, भिंग घ्या, आणि दोन्ही चिपांत दिसणारा एकच ठिपका चिपच्या खालच्या-वरच्या कडेपासून नव्हे तर माउंटच्या दोन्ही खिडक्यांवर आडव्या धरलेल्या एकाच सरळ रेषेपासून किती वर किंवा खाली आहे ते पाहा. स्टीलची पट्टीसुद्धा पुरते, पारदर्शक मापपट्टी असेल तर उत्तम. ती कशी करायची ते पुढे सांगतो. महत्त्वाचं हे की एकाच ठिपक्यावर थांबायचं नाही. मधला, डाव्या कडेचा, उजव्या कडेचा, वरचा, खालचा, असे पाच ठिपके बघा, आणि त्यांत निदान एक अगदी जवळच्या वस्तूवरचा आणि एक लांबचा असू द्या. या पाच ठिकाणचा फरक कसा बदलतो त्यावरून रोग कळतो.

सगळीकडे सारखाच फरक असेल, म्हणजे डावी चिप प्रत्येक ठिपक्याला तेवढीच वर असेल, तर काम सोपं. एक चिप सरळ वर किंवा खाली सरकवा.

डाव्या कडेला एक चिप वर आणि उजव्या कडेला तीच खाली असेल तर ती फिरली आहे. इथे लोक चिप वर-खाली करत बसतात आणि मधला ठिपका जुळला की समाधान मानतात. कडा मात्र तशाच बिघडलेल्या राहतात. आधी फिरणं काढायचं, उंची नंतर.

वरच्या ठिपक्याला एका दिशेने आणि खालच्या ठिपक्याला उलट दिशेने फरक, मध्यभागी शून्य: याचा अर्थ दोन्ही चित्रं एकाच आकाराची नाहीत. दोन सुटे कॅमेरे जोडून काढलेल्या जोड्यांत हे दिसतं, कारण भिंगांची नाभीय अंतरं तंतोतंत सारखी नसतात किंवा फोकस वेगळा असतो. माउंटिंगने हे बरं होत नाही. मध्य जुळवून चूक वर-खाली सारखी वाटून द्या आणि पुढे जा.

चार कोपऱ्यांत चार वेगवेगळे फरक असतील तर कॅमेरे एकमेकांकडे वळवून फोटो काढला गेला आहे. हेसुद्धा माउंटच्या हातात नाही.

पाचवा प्रकार सगळ्यात फसवा. लांबचे ठिपके जुळतात, जवळचे जुळत नाहीत. जवळचे जुळवले की लांबचे बिघडतात. कॅमेरा तिरका धरून फोटो काढला आणि नंतर क्षितिज सरळ करायला दोन्ही चिपा सारख्याच फिरवल्या की हे होतं. फोटो काढताना दोन भिंगं ज्या तिरक्या रेषेवर होती, ती रेष चिप फिरवून सरळ होत नाही. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंमधला आडवा फरक १.२ मिमी धरा. कॅमेरा ५ अंश तिरका असेल तर त्यातला साधारण ०.१ मिमी उभ्या दिशेत जातो, म्हणजे आपली सगळी सूट तिथेच संपली. दोन-तीन अंशांपर्यंत क्षितिज खुशाल सरळ करा. त्याहून जास्त असेल तर क्षितिज तिरकं राहू द्या, चिपा फिल्मच्या कडेला समांतर ठेवा. तिरकं क्षितिज बघणाऱ्याला खटकेल, पण डोळे दुखणार नाहीत. समुद्राच्या फोटोत हा निर्णय जिवावर येतो. तरीही मी डोळ्यांच्या बाजूने उभा राहीन.

आणखी एक गोष्ट तपासून ठेवा. तुमच्या सगळ्याच स्लाइडमध्ये उभा फरक त्याच दिशेने आणि तेवढाच येत असेल, तर हात स्वच्छ आहेत, कॅमेऱ्याचं एक भिंग किंचित वर बसलं आहे. जुन्या कॅमेऱ्यांत हे आढळतं. दुरुस्ती महाग पडते, म्हणून मोजलेला फरक मापपट्टीतच कायमचा घालून टाका: उजव्या खिडकीवरच्या रेषा तेवढ्या वर किंवा खाली आखा. मग प्रत्येक स्लाइड आपोआप सुधारून बसते.

चिप तिरकी बसते ती का

कारण ती कापलेल्या कडेवरून बसवली जाते. कात्रीने किंवा साध्या कटरने दोन चित्रांमधली बारीक काळी फट कापताना एखादा अंश हमखास जातो. ती कड माउंटच्या कडेला टेकवली की कापण्यातली चूक जशीच्या तशी स्लाइडमध्ये येते. फिल्मची लांब कड आणि छिद्रांची रांग मात्र कारखान्यात तयार झालेली असते, आणि जोडीतली दोन्ही चित्रं एकाच फिल्मवर, एकाच क्षणी, त्याच कडेला धरून उमटलेली असतात. म्हणून उभ्या दिशेसाठी आणि फिरण्यासाठी आधार घ्यायचा तो लांब कडेचा. कापलेल्या कडेवर कधीही विसंबू नका, ती कितीही सरळ दिसली तरी.

पिनांची प्लास्टिकची माउंट नेमकी याच कारणाने चांगली. जर्मनीच्या आरबीटी कंपनीची माउंट घ्या: छिद्रांमध्ये पिना बसतात, चिप वर-खाली होत नाही, फिरत नाही, फक्त आडवी सरकवता येते. माउंट उघडून पुन्हा वापरता येतं. जुनी अ‍ॅल्युमिनिअमची मास्क, म्हणजे खिडक्या कापलेले पत्रे, चिपला जिभांखाली धरतात, पण थोडी मोकळीक ठेवतात, म्हणून जुळवून झाल्यावर एका कोपऱ्यात टेपचा कपटा लागतो. गरम इस्त्रीने चिकटणाऱ्या पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये ही मोकळीक आणखी जास्त, आणि एकदा चिकटलं की सुधारायचं तर फाडावं लागतं. पन्नासच्या दशकातल्या जुन्या स्लाइड विकत घेतल्या असतील आणि त्या बघवत नसतील, तर चित्रं टाकून देऊ नका. माउंट उघडून नव्याने बसवा, कित्येक स्लाइड त्यानंतर सुरेख दिसतात.

मापपट्टी: झेरॉक्सच्या दुकानातून

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा देणारी वस्तू हीच. कुठल्याही रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ४१ × १०१ मिमीचा आयत काढा. त्यात दोन खिडक्या आखा, त्यांच्या मध्यांमधलं अंतर ६२ मिमी. दोन्ही खिडक्यांवरून सलग जाणाऱ्या आडव्या रेषा घाला, दर २ मिमीला एक. रेष सलग असणं महत्त्वाचं, कारण मग प्रिंटरने माप थोडं ताणलं तरी उभी जुळणी बिघडत नाही. रेष सरळ आहे एवढंच लागतं. मग उभ्या रेषा: प्रत्येक खिडकीत एक जाड रेष, दोघींमधलं अंतर ६२ मिमी, ही खिडकीच्या अंतरावरच्या वस्तूसाठी (ही खिडकी कुठली ते पुढे येतं), आणि तिच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक रेष, दोघींमधलं अंतर ६३.२५ मिमी, ही क्षितिजावरच्या वस्तूसाठी.

हे पान ओएचपीच्या पारदर्शक शीटवर लेझर प्रिंटरने छापून घ्या. इंकजेटची शाई अशा शीटवर पसरते. दुकानदाराला १०० टक्के आकाराने छापायला सांगा, पानात बसवा हा पर्याय बंद हवा. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.०४ मिमीचा, म्हणजे आपल्या गरजेपेक्षा बारीकच. सोबत १०० मिमीची एक रेष छापा आणि घरी व्हर्निअरने मोजा. छापलेल्या रेषा तिरप्या नाहीत ना हे बघायला दोन प्रती घ्या, एक पालथी घालून दुसरीवर ठेवा आणि चौकटीच्या कडा जुळवा. काही चूक असेल तर ती दुपटीने डोळ्यात भरते.

उजेडासाठी मुलांच्या चित्रकलेचा एलईडी ट्रेसिंग पॅड पुरतो. टॅब्लेटचा पांढरा पडदाही चालतो, फक्त भिंगातून त्याचे पिक्सेल दिसतात, म्हणून मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा थोडा उचलून ठेवावा लागतो. मापपट्टी पॅडवर छापलेली बाजू वर करून चिकटवा, तिच्यावर माउंट पालथं ठेवून पाठीमागून भरा. मापपट्टी डावी-उजवीकडे सारखीच असल्याने पाठीमागून भरताना ती बदलावी लागत नाही. कॅमेऱ्याची उंचीची चूक तिच्यात घातली असेल, तर मात्र मापपट्टीही पालथी घाला. बघताना डोळा त्या ठिपक्याच्या बरोबर वर हवा. चिप आणि रेष यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जाडी असते आणि तिरकं बघितलं की तेवढ्यानेही फसगत होते. घड्याळजीचं भिंग यासाठी छान. सुती हातमोजे घाला, चिप छिद्रांच्या पट्टीतच चिमट्याने धरा.

वस्तू चौकटीतून बाहेर उडी मारते, पण कडेला कापलेली दिसते

हा खिडकीचा प्रश्न. स्लाइडची काळी चौकट डोळ्यांना एका ठरावीक अंतरावरच्या खिडकीसारखी दिसते, आणि दृश्य तिच्या मागे असावं. रिअलिस्टने ही सोय कॅमेऱ्यातच केली. भिंगांमधलं अंतर ७० मिमी, फिल्मवरच्या चौकटींमधलं ७१.२५. या सव्वा मिलिमीटरच्या फरकामुळे सुमारे दोन मीटरवरची वस्तू दोन्ही चौकटींत अगदी एकाच जागी उमटते, म्हणजे खिडकी दोन मीटरवर येते. माउंट करताना दोन्ही चिपा आपापल्या खिडकीत सारख्या मध्यावर बसवल्या तर ही खिडकी जपली जाते.

तपासायची खूण सोपी. डाव्या डोळ्याच्या चित्रात उजव्या कडेला जास्त दृश्य दिसायला हवं, उजव्या डोळ्याच्या चित्रात डाव्या कडेला. उलटं असेल तर कडेच्या वस्तू खिडकीच्या पुढे आल्या आहेत. उपाय: चिपा एकमेकींपासून थोड्या लांब सरकवा, सगळं दृश्य मागे जातं. पण क्षितिजावरच्या ठिपक्यांमधलं अंतर ६३.५ मिमीच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर डोळ्यांना बाहेर वळावं लागेल आणि तेही त्यांना जमत नाही. ती मर्यादा गाठली आणि जवळची फांदी तरीही पुढेच असेल, तर चिप हलवणं थांबवा आणि मास्क बदला. जवळच्या दृश्यासाठीच्या मास्कच्या खिडक्या अरुंद आणि एकमेकींच्या जवळ असतात, त्यामुळे खिडकीच पुढे येते. तयार मास्क नसेल तर दोन्ही खिडक्यांची बाहेरची कड काळ्या टेपच्या बारीक पट्टीने तेवढीच झाका. परिणाम तोच.

काही जोड्यांत खोलीच एवढी असते की कुठेही बसवा, डोळे ताणले जातात. हा हिशेब फोटो काढतानाच करावा: २४५० ला जवळच्या वस्तूच्या अंतराने भागा, त्यातून २४५० ला लांबच्या वस्तूच्या अंतराने भागून आलेला आकडा वजा करा, अंतरं मिमीमध्ये. उत्तर १.२ च्या आसपास राहिलं की स्लाइड सुखाने बघता येते. माणूस दीड मीटरवर आणि मागे डोंगररांग, तर उत्तर १.६, जास्त. तोच माणूस, मागे चार मीटरवर वाड्याची भिंत, तर १.०, अगदी योग्य.

पैसे कुठे घालावेत

प्रोजेक्टरवर दाखवायच्या निवडक स्लाइडसाठीच पिनांची माउंट घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. ती परदेशातून मागवावी लागतात, पाठवणी आणि जकात धरून महाग पडतात, आणि व्ह्यूअरमध्ये बघायच्या स्लाइडला त्यांची गरज नाही.

बाकीच्यांसाठी ३०० जीएसएमचं काळं कार्ड. खिडक्या सर्जिकल ब्लेडने कापता येतात, पण दोन्हींची उंची हाताने जुळवणं अवघड, आणि चौकटीच वर-खाली असतील तर चिप जुळूनही डोळ्यांना खटकतं. त्यापेक्षा लग्नपत्रिकांचं लेझर कटिंग करून देणारे गाठा. २१ × २२ मिमीच्या खिडक्या आणि मधोमध घडी असलेला आराखडा त्यांना दिला की एका मोठ्या कागदातून बरीच माउंट एका झटक्यात निघतात, सगळी तंतोतंत सारखी. कडेची काजळी कोरड्या मऊ ब्रशने झाडा आणि काही दिवस हवेवर ठेवून मगच वापरा.

चिकटवायला साधी सेलोटेप नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून पाझरतो आणि चित्रापर्यंत पोचतो. बारीक पॉलिएस्टरची टेप घ्या, ती फक्त छिद्रांच्या पट्टीवर आणि फक्त वरच्या कडेला लावा. चारी बाजूंनी चिप जखडली तर हवा बदलली की तिला फुगायला जागा राहत नाही आणि ती मधूनच उचलली जाते.

फोनने पडताळणी

नुसत्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर माउंट झालेली स्लाइड पॅडवर ठेवून फोनने वरून फोटो घ्या, दोन्ही खिडक्या एकाच फोटोत. मासुजी सुतो यांचं स्टिरिओफोटो मेकर हे मोफत सॉफ्टवेअर जोडीतला उभा फरक, फिरणं आणि आकारातला फरक काढून दाखवतं. फोन पूर्ण समांतर धरला जात नाही, म्हणून स्लाइड १८० अंश फिरवून दुसरा फोटो घ्या आणि तो संगणकावर सरळ करा. दोन्हींत सारखा दिसणारा फरक स्लाइडचा, दिशा बदलणारा फरक फोनचा.

पावसाळा

मुंबई-कोकणातल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये स्लाइड माउंट करू नयेत. इमल्शन म्हणजे जिलेटिन, ते ओल धरतं, चिप वळते. कार्डही ओल धरून फुगतं. त्या दिवसांत जुळवलेली स्लाइड हिवाळ्यात कोरडी झाली की हलते. काचेतली माउंट तर अजिबात नकोत: आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशी धरते, शिवाय काच फिल्मला टेकली की रंगीत वर्तुळं दिसतात. काच वापरायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, चिपा दोन दिवस सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवून मग. बुरशी धरलेल्या चिपला पाणी लावू नका, बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येतं.

कार्डावर बसवलेल्या नव्या स्लाइड पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, एकदा पुन्हा मापपट्टीवर धरा. टेप ढिली पडली असेल तर दोन्ही चिपा सारख्या उतरलेल्या नसतात. ज्या बाजूची उतरली असेल तिचीच टेप काढा, दुसरीला हात लावू नका, आणि पुन्हा तेच पाच ठिपके बघा.